एमसीबी असताना आरसीसीबी कशाला?

डीबीमध्ये, म्हणजे घराच्या वितरणपेटीत, ओळीने बसवलेले खटके बाहेरून सारखेच दिसतात. त्यामुळे एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप पडणारा खटका) बसवले की शॉकची भीती संपली, असा समज घरोघरी आढळतो. हा समज धोक्याचा आहे, कारण एमसीबी माणसासाठी नसतो, तो वायरीसाठी असतो.

स्वतःमधून किती प्रवाह जात आहे, एवढेच एमसीबी पाहतो. एकाच सर्किटवर गिझर आणि इस्त्री एकदम चालू झाल्यामुळे भार वाढला, तर त्याच्यातली द्विधातूची पट्टी तापून वाकते आणि तो ट्रिप होतो, म्हणजे पुरवठा तोडतो. शॉर्टसर्किट झाल्यास हेच काम विद्युतचुंबकाचे वेटोळे क्षणार्धात करते. पट्टी तापायला वेळ लागतो. म्हणूनच १६ अँपिअरचा एमसीबी १७ अँपिअरला ट्रिप होत नाही आणि २३ अँपिअरच्या आसपासही तो तासभरापर्यंत तग धरू शकतो. आता ओल्या अंगाच्या माणसाचा विद्युतरोध १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून ०.२३ अँपिअर प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडवायला एवढा प्रवाह पुरतो, पण एमसीबीच्या लेखी तो छताच्या साध्या पंख्याच्या भाराहूनही कमी असतो.

आरसीसीबी हा गळती ओळखणारा खटका मात्र फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) तेवढाच परतला का, हे तपासतो. कमी परतला, तर उरलेला प्रवाह माणसाच्या अंगातून किंवा दुसऱ्या वाटेने जमिनीत जात असतो. घरगुती आरसीसीबीत ही तफावत ३० मिलिअँपिअरवर, म्हणजे ०.०३ अँपिअरवर, पोचेपर्यंत तो सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. त्याच्यावर छापलेला ४० अँपिअर हा आकडा त्याची वहनक्षमता सांगतो. तेवढ्या भाराला तो ट्रिप होईल, असा त्याचा अर्थ नव्हे. भार कितीही वाढला तरी आरसीसीबी तो ओळखत नाही, म्हणून त्याच्या जोडीला एमसीबी लागतोच (आरसीबीओ या उपकरणात दोन्ही कामे एकत्र असतात). शिवाय जमिनीपासून विलग उभ्या असलेल्या माणसाने फेज आणि न्यूट्रल दोन्ही धरले, तर आरसीसीबीलाही काही कळत नाही.

अर्थिंग (उपकरणाचा पत्रा जमिनीशी जोडणारी तार) नसतानाही आरसीसीबी चालतो, पण मग गिझरच्या पत्र्यात उतरलेली वीज कोणाचा तरी हात लागेपर्यंत तशीच राहते. अर्थिंग चांगले असेल, तर गळती पुरेशी होताच, कोणी स्पर्श करण्याआधीच, तो ट्रिप होतो. वारंवार ट्रिप होतो म्हणून आरसीसीबी काढून थेट जोडणी करण्याची जी पद्धत आहे, ती मला अक्षम्य वाटते. त्यापेक्षा गिझरचे कॉइल, ओल आलेली भिंत आणि दोन सर्किटांचे एकत्र झालेले न्यूट्रल तपासून घ्यावेत.