छातीतली गाठ चोळू नका

बाळंतपणानंतरचा तिसरा-चौथा दिवस. कालपर्यंत जेमतेम चमचाभर चीक येत होता आणि आज सकाळी छाती दगडासारखी झालेली असते. ब्लाउजचा स्पर्श सहन होत नाही, बाळाला धड तोंडात धरता येत नाही, ते रडतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘दूध साकळलंय, चोळून मोकळं करा.’ मग गरम शेक आणि तेल लावून जोरात मालिश. हे सगळं मायेपोटीच होतं. पण स्तनाच्या आत काय चाललेलं असतं ते समजून घेतलं, तर नेमकं हेच टाळायला हवं.

वार पडली की रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं. गरोदरपणात याच संप्रेरकाने दूध रोखून धरलेलं असतं. ते हटलं की दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला वाट मोकळी होते, स्तनाचा रक्तपुरवठा वाढतो आणि दुधाबरोबरच पेशींच्या अवतीभवती पाणीही साठतं. प्रसूतीच्या वेळी सलाइन बरंच चढवलेलं असेल तर हे पाणी आणखी जास्त. म्हणजे तो कडकपणा निव्वळ दुधाचा नसतो, त्यात सुजेचाही मोठा वाटा असतो.

दुधाच्या नळ्या एकमेकींत गुंतलेल्या, जाळ्यासारख्या असतात. सूज आली की त्या बाहेरून दाबल्या जातात. ‘आत बूच बसलंय, जोर लावला की सुटेल’ ही समजूत इथेच चुकते. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2022 मध्ये स्तनदाहाची मार्गदर्शिका बदलली आणि जोरात मालिश करू नका, असं स्पष्ट सांगितलं. रगडल्याने बारीक रक्तवाहिन्या दुखावतात, सूज वाढते. सूज, दाह, जंतुसंसर्ग आणि क्वचित गळू, हा एकाच वाटेवरचा प्रवास आहे. तो पहिल्याच टप्प्यावर थांबवता येतो.

त्यासाठी शेकाऐवजी गार पट्टी. रुमालात गुंडाळलेला बर्फ पाजून झाल्यावर दहा मिनिटं ठेवला तरी ठणका कमी होतो. वेदना फार असतील तर डॉक्टरांना विचारून आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल घ्यावं. अंगावर पाजणाऱ्या आईला ही औषधं चालतात, उगाच सोसत बसू नये.

दुसरी समजूत म्हणजे छाती ‘पूर्ण रिकामी’ करायची. स्तन ही पाण्याची टाकी नव्हे. दूध जितकं निघतं तितकं ते पुन्हा तयार होतं, आणि आत साठून राहिलं की तिथल्याच पेशी निर्मिती हळू करतात. पंप लावून शेवटचा थेंब काढला तर शरीराला वाटतं, जुळी बाळं आहेत. दूध आणखी वाढतं, सूजही वाढते. म्हणून भूक लागेल तसं बाळालाच पाजावं, दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा. छाती फारच ताठली तर हाताने थोडं, बरं वाटेल इतकंच काढावं. बाळ अतिदक्षता विभागात असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बाळाला पाजण्याऐवजी नियमित दूध काढावंच लागतं.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं ते बाळाच्या तोंडाकडे. फक्त बोंडी चोखली तर दूध नीट निघत नाही, वर चिरा पडतात आणि त्यातून जंतू आत शिरतात. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, बोंडीभोवतीचं काळं वर्तुळ खालून बरंचसं तोंडात गेलेलं, असं असलं की आईला दुखत नाही. वर्तुळ ताठ असेल तर पाजण्याआधी बोंडीच्या भोवती बोटं ठेवून आत, बरगड्यांच्या दिशेने मिनिटभर हलकेच दाबावं. पाणी मागे सरकतं, जागा मऊ होते, बाळाला धरता येतं. हा साधा उपाय प्रत्येक बाळंतिणीला दवाखान्यातून घरी जाण्याआधीच दाखवायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

तरीही एखादा भाग गरम आणि दुखरा झाला, तर त्या बाजूचं पाजणं थांबवू नये. ते दूध बाळाला बाधत नाही, उलट एकदम बंद केल्याने त्रास वाढतो. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून पाहावं. ताप 101 फॅरनहाइटच्या वर गेला, थंडी वाजली, दिवसभरात उतार पडला नाही किंवा गाठ मऊ, पाणी भरल्यासारखी लागली, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. प्रतिजैविकं लागली तर बाळाला चालणारीच दिली जातात, ती मध्येच सोडू नयेत.

दवाखान्यात प्रसूती झाल्यावर आशाताई घरी येतात त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. पहिली भेट बरोबर दूध उतरण्याच्या सुमारास पडते. त्या दिवशी बाळाचं वजन करून झालं की त्यांना बसवून घ्या आणि त्यांच्यासमोर एकदा पाजून दाखवा.