मदतीचा कॅन घेताना : चव, तरतरी आणि पैशाचा माग

‘प्रत्येक कॅनमागे अमुक रुपये मदतीला’ असं छापलेल्या एनर्जी ड्रिंकबद्दल आमच्या दुकानाच्या काउंटरवर नेहमी विचारणा होते, “चांगलं आहे का हो?” चांगल्या कामाला लागणारं पेय जिभेलाही जरा जास्तच बरं लागतं, आणि पिऊन हुशारी वाटली की मदतही पोचली असंच धरलं जातं. म्हणून या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. चव पाहताना तर कॅन डोळ्यांसमोर नकोच.

कॅन रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि काढल्यावर दहा मिनिटं बाहेर राहू द्या. बर्फगार पेयाची गोडी जिभेला कमी कळते, त्यामुळे खूप गार असताना सगळेच कॅन बरे लागतात. घाई म्हणून फ्रीझरमध्ये मात्र टाकू नका; पेय गोठून फुगतं आणि कॅन फुटतो. काचेच्या ग्लासात ओता, कागदी कपाचा वास चवीत उतरतो. घोट गिळल्यावर पंधरा-वीस सेकंद थांबा, कारण खरी ओळख तिथे पटते. कॅफीन मुळात कडू. साखर आणि सायट्रिक ॲसिड तो कडवटपणा झाकतात. बिनसाखरेच्या कॅनमध्ये कृत्रिम गोडी असते; ती सुक्रालोजची असेल तर गोडी उशिरा येते आणि बराच वेळ रेंगाळते. ॲसेसल्फेमची असेल तर शेवटी किंचित धातूसारखी चव राहते. दात आंबल्यासारखे वाटले तर ते आम्लामुळे. अशा वेळी लगेच ब्रश करू नका. साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास जाऊ द्या.

दोन पेयांत फरक आहे असं वाटत असेल तर घरातल्या कुणाला तरी ओतायला सांगा. तीन सारखे ग्लास घ्यायचे. दोनांत एक पेय, तिसऱ्यात दुसरं, आणि तळाला चिठ्ठी. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा बरोबर येतंच, म्हणून सहा फेऱ्या करा आणि किमान पाच वेळा ओळखलं तरच फरक खरा माना. मध्ये कोमट पाण्याचा घोट आणि चार साधे कुरमुरे. एका घोटाला १५ मिली, म्हणजे तीन छोटे चमचे, पुरे. सहा फेऱ्यांत तेच २७० मिली होतात, तेव्हा त्या दिवशी वेगळा कॅन उघडायचा नाही.

आता तरतरीचं. पहिल्या दोन मिनिटांत जे वाटतं ते गारवा, गॅस आणि अपेक्षेचं काम असतं. कॅफीन रक्तात सर्वांत जास्त पोचायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असतं. म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त ७५. घरच्या कपभर चहात ढोबळमानाने ३० ते ५० मिलिग्रॅम धरा. निम्मं कॅफीन शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात, गरोदरपणात त्याहून बराच जास्त वेळ. संध्याकाळी सहाला प्यायलेल्या कॅनमधलं रात्री अकराला एका चहाइतकं अंगात शिल्लक असतं. झोप लागत नाही ती यामुळे.

परिणाम मोजायला ३० सेंटिमीटरची पट्टी पुरते. दुसऱ्याने ती उभी धरून, न सांगता सोडायची. तुम्ही शून्याच्या खुणेपाशी बोटं उघडी ठेवून पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडली तर ०.२० सेकंद लागले, १५ वर पकडली तर सुमारे ०.१७५. दहा वेळा करा. पहिले पाच आकडे सरावाचे म्हणून सोडा, उरलेले पाच चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. पिण्याआधी एकदा आणि पंचेचाळीस मिनिटांनी एकदा मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी लिंबू सोडा पिऊन हेच करा. सोड्यानेही तितकाच फरक पडला तर तो कॅनचा गुण नव्हे. आणि सकाळचा चहा चुकवून चाचणी करू नका. रोज चहा पिणाऱ्याचं डोकं चहाअभावी दुखतं, कॅनने ते थांबतं, आणि तीच ताकद वाटते.

लघवी पिवळीजर्द झाली तर घाबरू नका, तो जादा ‘ब२’ जीवनसत्त्वाचा रंग आहे. छातीत धडधड, हात थरथरणं किंवा मळमळ झाली तर मात्र हे पेय तुमच्यासाठी नाही. लेबलवरचा इशारा आम्ही तोंडी सांगतोच, इथेही लिहितो: दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त नाही, लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, कॅफीन न सोसणारे आणि खेळाडू यांनी घेऊ नये. मदतनिधीच्या दौडीआधी म्हणून कुणी मागितलं तरी आम्ही नको म्हणतो. उन्हात काम करून गळून गेल्यावरही हे चालत नाही. ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि मोजून घातलेलं मीठ असतं; नेहमीच्या गोड एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला ११० ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे एका कॅनमध्ये साडेपाच चमचे. दारूत मिसळलं तर पेंग जाते, नशा तेवढीच राहते.

मदतीचं वाक्य शब्दशः वाचा. ‘प्रत्येक कॅनमागे १ रुपया’ आणि ‘नफ्यातला काही भाग’ यांत मोठं अंतर आहे, कारण नफा झालाच नाही तर भाग शून्य. ‘कमाल इतक्या लाखांपर्यंत’ असं असेल तर ती रक्कम भरल्यावर तुमच्या कॅनचा रुपया जात नाही. योजनेची शेवटची तारीखही बघा, जुना साठा नंतरही विकला जातो. शब्द स्पष्ट असू शकतात: अमेरिकेत अभिनेते पॉल न्यूमन यांनी १९८२ मध्ये सुरू केलेल्या खाद्यपदार्थांच्या कंपनीने सगळा नफा दानाला ठेवला, मज्जारज्जूच्या संशोधनासाठी २००४ मध्ये स्थापन झालेल्या ‘विंग्ज फॉर लाइफ’ या संस्थेचा प्रशासकीय खर्च एनर्जी ड्रिंकची कंपनी रेड बुल उचलते, म्हणजे देणगी पूर्ण संशोधनाला जाते.

हिशेब असा. सप्टेंबर २०२५ पासून कॅफीनयुक्त पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. ६० रुपयांच्या कॅनमध्ये १७ रुपये १४ पैसे कराचे. उरलेल्या ४२ रुपये ८६ पैशांत माल, डबा, वाहतूक, आमचं कमिशन, आणि मग तो एक रुपया. संस्थेला ५०० रुपये पोचायला ५०० कॅन, म्हणजे ३०,००० रुपयांची खरेदी. चव आवडली तर कॅन जरूर घ्या. मदतच करायची असेल तर संस्थेच्या खात्यात थेट भरा. पावती तुमच्या नावाने मिळेल. कॅनच्या बिलावर करसवलत मिळत नाही, देणगी कंपनीच्या नावावर जमा होते.

कॅनवर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या नोंदीशी तो ताडून पाहता येतो. नुसतं ‘सामाजिक कार्यासाठी’ लिहिलेला कॅन दिसला तर काउंटरवर दाखवा. आम्ही पुरवठादाराकडे लेखी विचारतो आणि आलेलं उत्तर फ्रिजच्या दारावर लावतो.