मणक्यातला ‘गॅप’

माझ्या मामेसासऱ्यांच्या मणक्यात गॅप आलाय. नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या घरी कोणीही जावो, ही बातमी आधी आणि चहा नंतर. मग कंबरेचा पट्टा सावरत ते एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरतात. “हा काळा पट्टा दिसते का? हाच तो गॅप.”

मी निरखून पाहिलं. काळे पट्टे सगळ्याच मणक्यांमध्ये होते, आणि ते असायलाच हवेत. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधला पट्टा तेवढा चिंचोळा झाला होता. गॅप आला नव्हता, उलट होता तो कमी झाला होता.

हाड एक्स-रेमध्ये पांढरं उमटतं. दोन मणक्यांमधली गादी मात्र दिसत नाही, दिसते ती तिची जागा. जन्माला येताना आपल्याला साधारण 33 मणके असतात. मानेचे 7, पाठीचे 12 आणि कंबरेचे 5 सुटे राहतात, त्याखालचे जुळून त्रिकास्थी आणि माकडहाड होतं. (मानेत जिराफालाही सातच!) मानेचे वरचे दोन मणके गादीविना एकमेकांवर फिरतात. ‘नाही’ म्हणताना मान वळते ती बरीचशी तिथेच. बाकीच्यांच्या मध्ये मिळून 23 गाद्या.

गादीला विदर्भातला माणूस संत्र्याची उपमा देणार, पण कांदा जास्त जवळचा. बाहेरून चिवट तंतूंची 15 ते 25 वलयं, आणि प्रत्येक थराचे तंतू शेजारच्या थराला तिरपे. आत जेलीसारखा गाभा, तरुणपणी त्यात 80 टक्क्यांच्या आसपास पाणी. ही गादी वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट जखडलेली असते, त्यामुळे ‘गादी सरकली’ हेही खरं नाही. वलयांना चीर जाते आणि गाभा बाहेर डोकावतो. तो शेजारच्या नसेवर टेकला की कंबरेतली कळ थेट पायात उतरते. बाहेर आलेला हा भाग पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू जिरवून टाकतं. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

गादीवर भार किती येतो? 1999 साली जर्मनीतल्या हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका माणसाच्या कंबरेतल्या गादीत चक्क दाबमापक बसवला. आडवं पडल्यावर दाब 0.1 मेगापास्कल, नुसतं उभं राहिल्यावर 0.5. पाठीची कमान करून 20 किलो उचलले तेव्हा 2.3, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास दहापट! तेच वजन गुडघे वाकवून उचललं तेव्हा 1.7, आणि अंगाशी धरून ठेवलं तेव्हा 1.1.

हे आकडे डोक्यात असताना मी कळमना बाजारात संत्र्यांचे क्रेट उतरवणारा एक हमाल बघत होतो. तो क्रेटला अगदी खेटून उकिडवा बसला, क्रेट छातीशी ओढला आणि मांड्यांच्या जोरावर उठला. विचारलं तर म्हणाला, “कंबर नाही वाकवाची जी, गुडघे वाकवाचे. अन् माल पोटाले लावून ठेवाचा.” विल्केंचा तक्ता त्याने एका दमात सांगून टाकला.

मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. शेजारच्या हाडातून जे झिरपेल त्यावर तिची गुजराण. दिवसभर भाराखाली तिच्यातलं पाणी पिळून निघतं, रात्री आडवं झालं की ती ते पुन्हा शोषून घेते, भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखी. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असतो. वयाबरोबर गाभ्याची पाणी धरण्याची ताकद घटते आणि गादी चपटी होते. काहीच न दुखणाऱ्या कित्येकांच्या एक्स-रेतही अशी चपटी गादी सापडते.

मामांना हे पटेना. मग आम्ही दाराच्या चौकटीवर त्यांची उंची मोजली. रात्री झोपायच्या आधी एक पेन्सिलीची रेघ, सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या दुसरी. दुसरी रेघ सेंटिमीटरभर वर आली.

“म्हणजे रात्री माझा गॅप वाढते,” मामा म्हणाले, “अन् ते चांगलं आहे?”

“हो.”

त्यांनी एक्स-रे पाकिटात घातला. पट्टा मात्र काढला नाही.