धबधब्यामागची कपार

धबधब्यामागची कपार : कडा आणि त्यावरून कोसळणारे पाणी यांच्या मधली पोकळ जागा. ती पुरेशी खोल असली की पाण्याच्या पडद्यामागे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येते. फिरायला येणारे तिलाच ‘धबधब्यामागची वाट’ म्हणतात. कोकणात ही वाट सहसा कोणी बांधलेली नसते. कातळ झिजून ती होते, आणि वर्षातले थोडेच दिवस चालण्याजोगी असते.

सह्याद्रीचा कडा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. हे थर सारखे टणक नाहीत. घट्ट काळ्या बेसाल्टखाली कुठे बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला ठिसूळ खडक असतो, तर कुठे दोन थरांमध्ये विटकरी मातीचा पट्टा. पाणी वरच्या टणक थरावरून उडी घेते. खाली आपटून उडालेले तुषार मागच्या मऊ थराला पावसाळाभर भिजवत राहतात. तो भुगा होऊन गळतो आणि वरचा थर छज्ज्यासारखा पुढे राहतो. आधार फारच गेला की छज्जा तुटतो, धबधबा तेवढा मागे सरकतो. खाली पडलेले घराएवढे धोंडे बरेचदा अशाच जुन्या छज्ज्याचे असतात. जांभ्याच्या सड्यावरही (सपाट कातळी पठारावरही) हेच घडते : वर कठीण कवच, खाली मऊ चिकणमाती. तिथले धबधबे बहुधा बुटके, त्यामुळे कपारीत वाकूनच शिरावे लागते.

पाणी पडून झालेल्या डोहाला कोंड म्हणतात. (गावांच्या नावांतला ‘कोंड’ वस्तीचा; दोन्हींची गल्लत होते.) ओढ्याला रत्नागिरीकडे पऱ्या, सिंधुदुर्गात व्हाळ.

कपार आणि पाणी यांची सर्वांत प्रसिद्ध जोडी महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत आहे. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. घळीच्या तोंडाशीच धबधबा कोसळतो; पावसाळ्यात आत बसल्यावर शेजारच्याशीही कानाशी तोंड नेऊन बोलावे लागते. अशा जागी ग्रंथ सांगायचा, तर लिहिणाऱ्याचे कान चांगलेच तयार असले पाहिजेत. संगमेश्वर तालुक्यातल्या मार्लेश्वरची गणनाही लोक यातच करतात, पण ते बरोबर नाही : तिथले गुहामंदिर धारेश्वर धबधब्याच्या जवळ आहे, मागे नव्हे.

आइसलँडमधला सुमारे ६० मीटर उंचीचा सेल्यालान्सफॉस पाण्यामागून फिरता येण्यासाठीच जगभर ओळखला जातो. खडक तिथेही ज्वालामुखीचाच. पण त्याला हिमनदीचे पाणी मिळते, म्हणून तो बारमाही वाहतो. कोकणातल्या बहुतेक धबधब्यांचा सगळा कारभार पावसावर. आषाढात पाणी इतके जोरात असते की कपारीत पाऊल टाकणे हा वेडेपणाच. दिवाळीनंतर वाट मोकळी, पण पडदा उरत नाही. जमण्यासारखे दिवस म्हणजे श्रावण-भाद्रपदातली उघडीप. सलग दोन-तीन दिवस वरच्या डोंगरात पाऊस नसावा.

सह्याद्रीचे कोकणात उतरणारे बहुतेक धबधबे पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी ते कड्याच्या सावलीत असतात. दुपारनंतर ऊन समोरून पडद्यावर पडते आणि आत उभे राहिल्यावर पाणी दुधी काचेसारखे उजळते. इंद्रधनुष्य मात्र आतून दिसत नाही, कारण सूर्य समोर येतो. त्यासाठी बाहेर येऊन उन्हाकडे पाठ करावी लागते.

आत छत्रीचा उपयोग नाही. पडणारे पाणी हवेलाही सोबत खाली ओढते. ती तळाशी आपटून चारी बाजूंनी फुटते आणि छत्री उलटी करते. चष्म्यावर तुषार बसतात. वाट बहुधा दोन पावले रुंद आणि कोंडाकडे उतरती. भिंतीकडचा हात कातळावर ठेवून आडवे पाऊल टाकत जायचे. हिरवे शेवाळ दिसते तरी; काळ्या कातळावरचा काळा बुळबुळीत थर दिसतच नाही आणि घसरतात ते त्यावरच. भिंतीवर नेचे आणि मांसल पानांचे बेगोनिया असतात, धरायला निरुपयोगी : मुळासकट हातात येतात.

खरा धोका वरून येतो. खाली ऊन असले तरी माथ्यावर सर कोसळली की थोड्या वेळात लोंढा येतो आणि कपारीतल्या माणसाला निघायला जागा राहत नाही. पाणी अचानक गढूळ होणे, त्यातून पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागणे, आवाज घोगरा होणे या तीन खुणा. यांतली एक जरी जाणवली तरी फोटो तसाच सोडून आलो त्याच बाजूने बाहेर पडायचे; पलीकडची बाजू जवळ वाटली तरी पुढे जायचे नाही, कारण तिथून परतताना तोच पऱ्या ओलांडावा लागतो. पावसाळ्यात काही धबधब्यांवर जिल्हा प्रशासन बंदी आदेश काढते, तेव्हा निघण्याआधी चौकशी केलेली बरी. आदेश नसला तरी वरच्या वाडीतल्या माणसाला विचारावे : माथ्यावर पाऊस आहे की नाही, हे त्याला अंगणातूनच दिसते.