वर्तनोपचार (स्वमग्न मुलांसाठी)

बोलणे, मागणे, जेवणे, कपडे घालणे, रांगेत थांबणे अशी रोजची कौशल्ये स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना लहान टप्प्यांत शिकवण्याची पद्धत. शास्त्रीय नाव उपयोजित वर्तन विश्लेषण, इंग्रजीत ‘अप्लाइड बिहेवियर ॲनॅलिसिस’; नाशिकमधले पालक आणि थेरपिस्ट सरळ ‘एबीए’ म्हणतात. स्वमग्नता ‘बरी’ करून देतो असे कोणी म्हणाले, तर तिथून उठावे हे बरे.

पाया मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या साधक अभिसंधानाचा: ज्या कृतीमागोमाग हवेसे काही मिळते, ती पुन्हा घडते. हे हवेसे, म्हणजे प्रबलक, मुलागणिक वेगळे. कोणाला चॉकलेटचे काही नसते, फिरत्या पंख्याकडे बघू दिले की तो खूश. मिसळीबरोबरचा पापड आवडत असेल तर तो दिसेल पण हाती लागणार नाही असा ठेवतात. मुलाने ‘पापड’ म्हटले, चित्राचे कार्ड दिले किंवा नुसते बोट दाखवले तरी तुकडा लगेच मिळतो. उशीर झाला तर तो कशाबद्दल मिळाला हे त्याला उमगत नाही. घरी हे अवघड जाते, कारण मागायच्या आतच आजीने पापड हातात दिलेला असतो.

लांब कृतीची साखळी करतात. हात धुण्यात नळ सोडणे, साबण लावणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे, पुसणे अशा कड्या येतात. पुष्कळदा सुरुवात शेवटच्या कडीपासून होते: बाकीचे थेरपिस्ट हात धरून करून घेतो, पुसणे तेवढे मुलाचे. काम पुरे केल्याचा आनंद त्यामुळे दर वेळी त्यालाच मिळतो. मग एकेक कडी मागे सरकत जातात. हाताचा आधार मनगटावर, कोपरावर, शेवटी नुसत्या खुणेवर आणून काढून घेतात. तो काढायचा राहिला तर मूल आधाराची वाट बघायला शिकते.

शांत खोलीत लाल रंग ओळखणारे मूल गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात लाल टोमॅटो दाखवू शकत नाही, असे सर्रास घडते. म्हणून तेच कौशल्य घरी, दुकानात, बसमध्ये, वेगवेगळ्या माणसांसोबत पुन्हा शिकवावे लागते. ध्येय निवडतानाही तारतम्य हवे. रंगपंचमीला रहाडीजवळचा, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाजवळचा, गलका मुकाट सोसायला शिकवण्यापेक्षा ‘चला, घरी’ असे सांगता येणे कितीतरी उपयोगाचे.

मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांनी १९८७ साली आठवड्याला सुमारे ४० तास उपचार घेतलेल्या १९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९ जणांनी सर्वसाधारण पातळी गाठल्याचे त्यात म्हटले होते. मात्र उपचाराचा गट आणि तुलनेचा गट यांत मुलांची विभागणी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, नव्हती, आणि त्या काळी शिक्षाही वापरली जाई. उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात लाभाचा पुरावा कमकुवत ठरला. हात फडफडवण्यासारख्या निरुपद्रवी सवयी दाबण्याला प्रौढ स्वमग्न व्यक्तींचा तीव्र आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. आता खेळातून, मुलाच्या कलाने शिकवण्याकडे कल वाढला आहे.

सुरगाणा, पेठसारख्या तालुक्यांतून रोज नाशिकला येणे बहुतेकांना परवडत नाही. तिथे पालकांनाच पद्धत शिकवणे हा व्यवहार्य मार्ग. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात नाव नोंदवता येते. १ लाख रुपयांपर्यंतच्या या विम्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत धरला जातो.