वेस्ट बंड (शांघाय)

चीनमधील शांघाय शहराच्या शुहुई जिल्ह्यातला, ह्वांगपू नदीच्या पश्चिम काठावरचा फेरफटक्याचा पट्टा. बँकांच्या भव्य दगडी इमारतींचा, ‘बंड’ (Bund) नावाने प्रसिद्ध असलेला नदीकाठ येथून बराच उत्तरेला आहे. त्या बंडवर पैसा हाताळला जाई, तर इथे कोळसा, सिमेंट आणि विमानांचे इंधन. धक्के, मालगाड्यांचे रूळ आणि कारखाने यांनी काठ इतका व्यापला होता, की शेजारी राहणाऱ्यांनाही नदीपर्यंत सहज जाता येत नसे. २०१०च्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास उद्योग हलले आणि काठ मोकळा होऊ लागला. २०१७च्या अखेरीस यांगपू पूल ते शुपू पूल असा ह्वांगपूचा ४५ किमी काठ सलग जोडला गेला. वेस्ट बंड हा त्याचाच भाग.

येथे रमतगमत चालण्यात खरी गंमत आहे ती जुन्या सांगाड्यांची. बेइप्याओ कोळसा धक्क्यावर १९५०च्या दशकातली, सुमारे ११० मीटर लांबीची कोळसा उतरवण्याची काँक्रीटची रचना तशीच उभी आहे आणि तिला बिलगून २०१४मध्ये लोंग हे कलासंग्रहालय उघडले. वास्तुरचनाकार ल्यू यीछुन यांनी नव्या भिंतीही उघड्या काँक्रीटच्याच ठेवल्या, त्यामुळे जुने कुठे संपते ते चटकन कळत नाही. पुढे पूर्वीच्या लोंगह्वा विमानतळाच्या इंधनटाक्या लागतात. त्यांतल्या पाच टाक्यांचे २०१९मध्ये कलादालन झाले. त्याच वर्षी डेव्हिड चिपरफील्ड यांच्या आराखड्याचे वेस्ट बंड संग्रहालयही सुरू झाले. आधुनिक कलेसाठी ओळखले जाणारे पॅरिसचे पाँपिदू केंद्र त्याचे भागीदार. विमानतळाची धावपट्टी मात्र नदीपासून थोडी आत आहे. तिथे आता रस्ता आणि लांबट उद्यान आहे.

काठावर चालणे, धावणे आणि सायकल यांसाठी वेगवेगळे मार्ग आहेत. धक्क्यावरच्या मोठ्या याऱ्या (क्रेन) काढून न टाकता जागच्या जागी ठेवल्या आहेत. स्केटबोर्ड खेळणारी मुले, कुत्र्यांना फिरवणारे लोक आणि लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी नेहमी दिसतात. यंत्रे जपली गेली, त्यांवर राबलेल्या कामगारांची नोंद त्या मानाने फारच कमी दिसते. नदी अजूनही कामाची आहे. वाळू आणि माल वाहणारे बार्ज (सपाट तळाच्या बोटी) समोरून जात असतात.

मेट्रोच्या ११ क्रमांकाच्या मार्गावरील युनजिन रोड स्थानकावरून काठ चालत गाठता येतो. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा आणि दमटपणा दोन्ही असह्य, म्हणून तेव्हा सूर्यास्तानंतर निघावे. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत सुखाचे.