उत्तर आयर्लंड : ब्रेक्झिटनंतरचा घटनात्मक प्रश्न

युनायटेड किंग्डममध्ये राहायचे की आयर्लंडच्या प्रजासत्ताकात जायचे, हा उत्तर आयर्लंडचा जन्मापासूनचा वाद आहे. १९२० च्या कायद्याने अल्स्टर प्रांताच्या नऊ परगण्यांपैकी सहा बाजूला काढले आणि १९२१ मध्ये हा प्रदेश अस्तित्वात आला. नेमके सहाच का, तर तेवढ्यात प्रॉटेस्टंट बहुमत पक्के राहत होते. ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणारे ते युनियनिस्ट, बहुतेक प्रॉटेस्टंट, आणि अखंड आयर्लंड मागणारे ते नॅशनलिस्ट, बहुतेक कॅथलिक. (‘संघवादी’ आणि ‘राष्ट्रवादी’ म्हटले तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतेच पक्ष उभे राहतील, म्हणून मूळ शब्दच ठेवले आहेत.) १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तीस वर्षे चाललेल्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली.

१० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने वाद मिटवला नाही, तो सोडवायची रीत ठरवून दिली. बहुमताच्या संमतीशिवाय प्रदेशाचा दर्जा बदलणार नाही. तिथे जन्मलेल्याला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही नागरिकत्वे घेता येतील. दोन्ही देश युरोपीय संघात असल्याने सीमा जवळजवळ पुसली गेली होती. आजही सुमारे ५०० किलोमीटरची ही सरहद्द ओलांडल्याचे कळते ते वेगमर्यादेच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरवर गेल्या की.

२०१६ च्या सार्वमतात उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्के मतांनी युरोपीय संघात राहण्याचा कौल दिला. पण निर्णय अख्ख्या युनायटेड किंग्डमच्या बेरजेवर झाला आणि देश संघाबाहेर पडला, हाच ब्रेक्झिट. मग मालाची तपासणी कुठे करायची? जमिनीवर नाके उभारणे म्हणजे जुन्या जखमेला हात घालणे. म्हणून ब्रेक्झिटच्या करारातल्या उत्तर आयर्लंडविषयीच्या प्रोटोकॉलने त्या प्रदेशाला मालापुरते युरोपीय नियमांत ठेवले आणि तपासणी ब्रिटन व आयर्लंडमधल्या आयरिश समुद्रावर ढकलली. ब्रिटनहून आपल्याच देशात येणाऱ्या मालाला कागदपत्रे लागू लागली, हे युनियनिस्टांच्या जिव्हारी लागले. विशेष म्हणजे त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या पक्षाने, डीयूपीने (डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टी), ब्रेक्झिटचा प्रचार केला होता. २०२२ मध्ये तो सरकारमधून बाहेर पडला आणि स्टॉरमॉन्टचा, म्हणजे तिथल्या विधानसभेचा आणि सरकारचा, कारभार दोन वर्षे ठप्प झाला. ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या २०२३ च्या विंडसर फ्रेमवर्क या समझोत्याने तपासणी सैल केली, तरी मूळ रचना तीच राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये विधानसभेने ती ४८ विरुद्ध ३६ मतांनी चालू ठेवली. एकाही युनियनिस्टाने बाजूने मत दिले नाही.

एकीकरणाचे सार्वमत घेण्याचा अधिकार ब्रिटनच्या एका मंत्र्याकडे, उत्तर आयर्लंड सचिवाकडे आहे. बहुमत एकीकरणाच्या बाजूने जाण्याची शक्यता दिसली तर त्याने ते घेतलेच पाहिजे, असे १९९८ चा कायदा सांगतो. ही शक्यता कशावरून ओळखायची, जनमत चाचण्यांवरून, निवडणुकांवरून की जनगणनेवरून, याबद्दल मात्र कायदा गप्प आहे. सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत कच्ची कडी म्हणावी लागेल. एकदा सार्वमत घेतले की पुढचे सात वर्षांच्या आत घेता येत नाही. १९७३ च्या सार्वमतात जवळपास ९९ टक्के मते ब्रिटनच्या बाजूने पडली, पण नॅशनलिस्टांनी त्यावर बहिष्कार घातला होता.

२०२१ च्या जनगणनेत कॅथलिक किंवा त्या घरात वाढलेले ४५.७ टक्के आणि प्रॉटेस्टंट वा इतर ख्रिस्ती ४३.५ टक्के निघाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिन फेन या नॅशनलिस्ट पक्षाच्या मिशेल ओनील पहिल्या नॅशनलिस्ट फर्स्ट मिनिस्टर (तिथल्या मुख्यमंत्री) झाल्या. यावरून एकीकरण दारात आले असे मानणे घाईचे ठरेल. कॅथलिक म्हणजे एकीकरणवादी असे समीकरण मतपेटीत जुळत नाही. दोन्ही ओळखी नाकारणाऱ्यांचा तिसरा गट वाढतो आहे. २०२२ च्या निवडणुकीत अलायन्स पक्षाला ९० पैकी १७ जागा मिळाल्या. या मतदाराला झेंड्यापेक्षा दवाखाना, पेन्शन आणि कर यांची काळजी अधिक.

ब्रेक्झिटने एक गणित मात्र बदलले. एकीकरण झाल्यास उत्तर आयर्लंड नव्याने अर्ज न करता युरोपीय संघाचा भाग होईल, असे सदस्य देशांच्या नेत्यांनी एप्रिल २०१७ मध्ये स्पष्ट केले. सार्वमत मात्र दक्षिणेतही जिंकावे लागेल. तसे झाले तरी ब्रिटिश नागरिकत्वाचा हक्क संपणार नाही. सत्ता कोणाचीही असो, तो कायम राहील असे १९९८ च्या करारातच लिहिलेले आहे.